व्हॉल्व्हचा जुना रेडिओ लावला की 'घूंऽऽ' असा आवाज का येतो? हमिंगचा दोष नेमका शोधायचा कसा?

माळ्यावर तीस-चाळीस वर्षं पडून असलेला आजोबांचा रेडिओ खाली उतरवला जातो. धूळ झटकली जाते, लाकडी पेटीला तेलाचा हात दिला जातो आणि कुणीतरी उत्साहाने पिन बोर्डात घालतं. डायलमागचा दिवा लागतो, अर्ध्या मिनिटाने व्हॉल्व्ह तापतात आणि बातम्यांऐवजी ऐकू येतो 'घूंऽऽ' असा एकसुरी, जाड आवाज. आवाजाचं बटण कमी करा, जास्त करा, घूं काही जात नाही.

दुरुस्ती करणारे या आवाजाला 'हमिंग' म्हणतात. व्हॉल्व्ह रेडिओ पुन्हा सुरू करू पाहणाऱ्यांना बहुतेक वेळा पहिला सामना याच्याशीच करावा लागतो. 'कंडेन्सर बदला, जाईल' हा त्यावरचा ठरलेला सल्ला. अनेकदा तो बरोबर असतो. पण हमिंगचं कारण एकच नसतं. कारण न शोधता सुटे भाग बदलत गेलं तर पैसे जातात आणि आता सहज न मिळणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जळू शकतो. शिवाय या जुन्या संचांपैकी काहींना हात लावणं जिवावर बेतू शकतं.

म्हणूनच हमिंग म्हणजे काय, ते कुठून येतं आणि कोणत्या क्रमाने तपासलं तर दोष सापडतो, हे समजून घेऊया.

हमिंग म्हणजे नेमकं काय?

आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची एसी असते. ती सेकंदाला ५० वेळा आवर्तन पूर्ण करते, म्हणजे तिची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. रेडिओच्या व्हॉल्व्हना मात्र काम करण्यासाठी साधारण २०० ते ३०० व्होल्टची सरळ, न हलणारी डीसी लागते. एसीची डीसी करण्याचं काम रेक्टिफायर व्हॉल्व्ह करतो. पण त्यातून निघणारी वीज सपाट नसते. ती लाटांसारखी वरखाली होत असते.

या लाटा सपाट करण्याचं काम फिल्टर कंडेन्सरचं. लाट वर असताना तो भरून घेतो आणि लाट खाली गेली की साठवलेली वीज देतो. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखंच हे काम आहे. मोटर थांबून थांबून चालली तरी नळाला पाणी सारखं येतं. टाकी लहान झाली किंवा गळू लागली तर नळाची धार तुटक होते. रेडिओत हीच तुटक धार स्पीकरमधून 'घूं' म्हणून ऐकू येते.

हमिंग येण्याची वाट ही एकच नाही. व्हॉल्व्हचे हीटर अनेक संचांत एसीवरच तापतात, तिथूनही ५० हर्ट्झ आवाजाच्या मार्गात शिरू शकते. नीट न गुंडाळलेली तार, सुटलेलं अर्थिंग, अँटेना, अगदी शेजारचा एलईडी दिवाही कारण ठरू शकतो.

हमिंग विजेबरोबर गावात आलं

पुण्यात आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालं. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९५६ मध्ये, युनेस्कोच्या मदतीने या केंद्राने एक प्रयोग केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोता मंडळं तयार करण्यात आली. त्यांच्यासाठी शेतीविषयक २० कार्यक्रम प्रसारित झाले. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवत. या प्रयोगाचं मूल्यमापन मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने केलं.

त्या काळात बहुतेक खेड्यांत वीज पोहोचली नव्हती. अशा ठिकाणी बॅटरीवर चालणारे व्हॉल्व्ह संच वापरले जात. डीके-९६, डीएल-९६ यांसारख्या त्यांच्या व्हॉल्व्हना तापायला जेमतेम १.४ व्होल्ट लागत आणि मुख्य पुरवठा ९० व्होल्टच्या कोरड्या बॅटरीतून मिळे. बॅटरीची वीज मुळातच डीसी असल्यामुळे या संचांत मेन्सचं हमिंग नसे. असा संच आज कुणी घरगुती एलिमिनेटरवर चालवला आणि तो घूं करू लागला, तर दोष आधी एलिमिनेटरमध्ये शोधावा. रेडिओला हात लावण्याची गरज बहुधा पडत नाही.

पुढे गावोगावी वीज आली आणि मेन्सवर चालणारे मर्फी, फिलिप्स, बुश, नॅशनल एको, एचएमव्ही, टेलेराड हे संच घरोघरी दिसू लागले. १९६१ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सने बंगळुरूत रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली. जुन्या संचांत आजही या कंपनीचा शिक्का असलेले व्हॉल्व्ह सापडतात.

दौंड तालुक्यातलं कुरकुंभ हे या बदलाचं जवळचं उदाहरण. पुणे-सोलापूर महामार्गावर पाटसच्या पुढे लागणारं हे गाव पूर्वी फिरंगाई देवीसाठी ओळखलं जाई. आज ते रासायनिक कारखान्यांच्या एमआयडीसीसाठीही ओळखलं जातं. अशा गावात माळ्यावरून उतरवलेला रेडिओ ज्या विजेवर लावला जातो, ती पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या विजेसारखी राहिलेली नाही. तिचा हमिंगशी काय संबंध आहे, ते पुढे येईलच.

आधी जीव, मग रेडिओ

पिन बोर्डात घालण्याआधी संच कोणत्या प्रकारचा आहे, हे ओळखायला हवं. मेन्सवरचे व्हॉल्व्ह रेडिओ ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात.

पहिला प्रकार एसी संचांचा. यात जड मेन्स ट्रान्सफॉर्मर असतो. व्हॉल्व्हची नावं बहुधा 'ई'ने सुरू होतात. ईसीएच-८१, ईबीएफ-८९, ईबीसी-८१, ईएल-८४ आणि रेक्टिफायर ईझेड-८० हा नेहमी दिसणारा पाच व्हॉल्व्हचा संच. ट्रान्सफॉर्मरमुळे चेसिस मेन्सपासून वेगळी राहते.

दुसरा प्रकार एसी-डीसी संचांचा. एकेकाळी काही शहरांत डीसी वीज होती, म्हणून दोन्हींवर चालणारे हे स्वस्त आणि हलके संच निघाले. त्यांत मेन्स ट्रान्सफॉर्मर नसतो. व्हॉल्व्हची नावं 'यू'ने सुरू होतात, जसं यूसीएच-८१, यूबीएफ-८९, यूबीसी-८१, यूएल-८४, यूवाय-८५. त्यांचे हीटर दिवाळीच्या जुन्या माळेसारखे एकामागोमाग जोडलेले असतात.

खरा धोका या दुसऱ्या प्रकारात आहे. मेन्सची एक तार थेट चेसिसला जोडलेली असते. दोन पिनची प्लग उलटी बसली तर पूर्ण चेसिसवर फेज येतो. बटणाची टोपी निघालेली असेल तर आतल्या लोखंडी दांड्यावर आणि टोपीच्या स्क्रूवरही तोच २३० व्होल्टचा फेज असू शकतो. काही संचांत तर स्विच बंद असतानाही हीटरच्या माळेतून फेज चेसिसपर्यंत पोहोचतो.

त्यामुळे हे नियम मोडू नयेत:

- एसी-डीसी संच उघडून काम करायचं असेल तर १:१ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतोच. डिमरस्टॅट किंवा स्टॅबिलायझर मेन्सपासून वेगळेपणा देत नाहीत, त्यामुळे ते त्याची जागा घेऊ शकत नाहीत.
- अशा संचाच्या चेसिसला घरचं अर्थिंग कधीही थेट जोडू नये.
- पिन काढल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये २५०-३०० व्होल्ट शिल्लक असू शकतात. १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपने लावून ते उतरवावेत आणि मीटरने खात्री करावी. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून उतरवू नयेत.
- चालू संचात मोजमाप करताना मीटरची काळी तार क्लिपने आधीच लावून ठेवावी आणि एकाच हाताने काम करावं.

व्होल्टेजचं काम पूर्वी केलेलं नसेल, तर हा भाग जाणकार मेकॅनिकच्या शेजारी बसूनच शिकावा.

पहिल्यांदा वीज देताना सिरीज बल्ब

वर्षानुवर्षं बंद असलेला रेडिओ थेट मेन्सवर लावू नये. इलेक्ट्रिशियनकडे असतो तसा सिरीज बोर्ड वापरावा, म्हणजे रेडिओच्या वाटेत ६० ते १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब. एलईडी बल्ब इथे चालत नाही.

बल्ब क्षणभर उजळला आणि मग मंद झाला तर ठीक. तो पूर्ण उजेडाने लागून राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, संच लगेच बंद करावा. बल्ब ट्रान्सफॉर्मर जळण्यापासून वाचवतो. शॉकपासून मात्र वाचवत नाही.

मागच्या बाजूला व्होल्टेज निवडण्याची चकती असेल तर तीही पाहावी. ती २०० किंवा २२० वर असेल आणि घरात २३०-२४० येत असतील, तर पट्टी वरच्या खाचेत घालावी. खेड्यांत रात्री भार कमी झाला की व्होल्टेज चढतं, हेही लक्षात ठेवायला हवं.

तीन प्रश्न, सुटा भाग न बदलता

संच सुरू झाला, हमिंग आहे. आता सोल्डरिंग गन हातात घेण्याआधी तीन प्रश्न विचारायचे. त्यांना पैसे लागत नाहीत.

१. आवाजाचं बटण पूर्ण कमी केल्यावर हमिंग राहतं का?

हा सर्वांत उपयोगी प्रश्न. आवाजाचं बटण रेडिओच्या साखळीत मधोमध बसलेलं असतं. त्याच्या आधी स्टेशन पकडणारा भाग, नंतर आवाज वाढवणारा भाग.

बटण शून्यावर असतानाही हमिंग तेवढंच राहिलं, तर दोष बटणाच्या नंतर आहे. फिल्टर कंडेन्सर, आउटपुट व्हॉल्व्ह किंवा त्याआधीचा ऑडिओ व्हॉल्व्ह यांच्यापैकी कुणीतरी गुन्हेगार आहे. बटणाबरोबर हमिंग कमी-जास्त झालं तर दोष बटणाच्या आधी किंवा बटणाच्या तारांमध्ये आहे.

रेडिओ चुकून 'ग्रामोफोन' किंवा 'पिकअप'वर लावलेला असेल आणि त्या खाचेत काहीच जोडलेलं नसेल, तर हमिंग येणं साहजिक आहे. तो दोष नव्हे.

२. हमिंगची पट्टी कोणती?

ट्रान्सफॉर्मरच्या संचात ईझेड-८० सारखा रेक्टिफायर लाटेचे दोन्ही भाग वापरतो. त्यामुळे पुरवठ्यातून येणारं हमिंग १०० हर्ट्झचं असतं. हीटर किंवा बाहेरच्या तारांतून शिरलेलं हमिंग ५० हर्ट्झचं. दोघांत बरोबर एका सप्तकाचा फरक आहे, म्हणजे खालचा सा आणि त्याच्या वरचा सा. कानाला कळलं नाही तर मोबाइलवरचं आवाजाचा आलेख दाखवणारं मोफत अ‍ॅप पुरेसं आहे.

एसी-डीसी संचांत हा प्रश्न उपयोगाचा नाही. त्यांचा यूवाय-८५ लाटेचा एकच भाग वापरतो, त्यामुळे पुरवठ्याचं हमिंगही ५० हर्ट्झचंच असतं.

३. हमिंग फक्त स्टेशन लागल्यावर येतं का?

दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागेत शांतता आणि स्टेशन लागलं की घूं, असं असेल तर फिल्टर कंडेन्सर बदलून फारसा उपयोग होणार नाही. याला मॉड्युलेशन हमिंग म्हणतात. स्टेशनच्या लहरी मेन्सच्या तारांतून रेक्टिफायरपर्यंत पोहोचतात, तिथे त्यांच्यावर ५० किंवा १०० हर्ट्झ चढतात आणि त्या पुन्हा अँटेनाच्या वाटेने रेडिओत येतात. हे टाळण्यासाठी कंपनीने मेन्सच्या वाटेत एक छोटा कंडेन्सर दिलेला असतो. तो निकामी झाला किंवा कुणी काढून टाकला की हा त्रास सुरू होतो.

तो बदलताना साधा कंडेन्सर लावू नये. मेन्सच्या दोन तारांमध्ये एक्स वर्गाचा आणि मेन्स ते चेसिस वाय वर्गाचा सुरक्षित कंडेन्सरच हवा. एसी-डीसी संचात अँटेना आणि अर्थच्या खाचांमागचे कंडेन्सरही वाय वर्गाचेच घालावेत. अँटेनाची तार धरणाऱ्याचा जीव त्यांच्यावर अवलंबून असतो.

पहिला संशयित: फिल्टर कंडेन्सर

आता उत्तरांवरून दोषाकडे जाऊया. बटण शून्यावर असताना हमिंग, तेही १०० हर्ट्झचं, असेल तर पहिला संशय फिल्टर कंडेन्सरवर. अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यातला हा इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर आतून ओलसर असतो. वर्षांनुवर्षांत तो सुकतो आणि त्याची क्षमता घटते.

त्याने किती फरक पडतो? समजा रेडिओ ६० मिलिअ‍ॅम्पिअर घेतो आणि पहिला कंडेन्सर ३२ मायक्रोफॅरडचा आहे. ढोबळ हिशेबाने पहिल्या कंडेन्सरवर सुमारे १९ व्होल्टची लाट उरते. पुढे १ किलोओहमचा रेझिस्टर आणि दुसरा ३२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ती सुमारे वीसपट कमी करतात, म्हणजे साधारण १ व्होल्ट. दोन्ही कंडेन्सर सुकून ८ मायक्रोफॅरडवर आले, तर पहिल्यावर ७५ व्होल्टच्या घरात आणि दुसऱ्यावर १५ व्होल्टच्या घरात लाट राहते. आवाज घरभर का घुमतो, याचं उत्तर या आकड्यांत आहे.

खात्री करायची असेल तर संच बंद करून, वीज उतरवून, जुन्या कंडेन्सरला समांतर एक चांगला कंडेन्सर क्लिपने लावावा आणि मग संच सुरू करावा. हमिंग पडलं तर निदान पक्कं. पण ही फक्त चाचणी आहे. नवा कंडेन्सर तसाच समांतर ठेवून काम संपवू नये. जुना आतून गळत असेल तर पुढे शॉर्ट होऊन रेक्टिफायर आणि ट्रान्सफॉर्मर घेऊन जाईल. त्याची तार सोडवावी, डबा शोभेसाठी जागेवर राहू द्यावा आणि नवा कंडेन्सर चेसिसखाली बसवावा.

बदलताना तीन चुका हमखास होतात:

- जास्त मोठा कंडेन्सर लावणं. '४७ पेक्षा २२० चांगला' असं वाटतं. पण रेक्टिफायर व्हॉल्व्ह सुरू होताना मोठा कंडेन्सर त्याच्यातून फार मोठा प्रवाह खेचतो. ईझेड-८० साठी पहिल्या कंडेन्सरची मर्यादा ५० मायक्रोफॅरड आहे. ३२ च्या जागी ३३ किंवा ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचा पुरेसा आहे.
- उलटा लावणं. धन आणि ऋण बाजू बदलली तर कंडेन्सर फुटतो.
- ऋण बाजू नेहमी चेसिसला जोडणं. काही संचांत डब्याखाली फायबरची चकती असते आणि ऋण बाजू चेसिसला नसून ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या तारेला जाते. तिथला छोटा रेझिस्टर आउटपुट व्हॉल्व्हला बायस देतो. ऋण बाजू चेसिसला जोडली तर तो बायस जातो आणि व्हॉल्व्ह लाल होतो. जुन्याची तार जिथे होती, तिथेच नव्याची लावावी.

दुसरा संशयित: कपलिंग कंडेन्सर

हमिंगबरोबर आवाज फाटका येत असेल आणि आउटपुट व्हॉल्व्ह नेहमीपेक्षा जास्त तापत असेल, तर संशय कपलिंग कंडेन्सरवर जायला हवा. ऑडिओ व्हॉल्व्ह आणि आउटपुट व्हॉल्व्ह यांच्यामधला हा मेणकागदाचा छोटा कंडेन्सर ०.०१ ते ०.०२२ मायक्रोफॅरडचा असतो. त्याने डीसी अडवून फक्त आवाज पुढे द्यायचा असतो. जुना झाला की तो डीसीही सोडू लागतो.

मग आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर धन व्होल्टेज येतं आणि व्हॉल्व्ह गरजेपेक्षा बराच जास्त प्रवाह घेतो. वाढलेल्या भारामुळे चांगला फिल्टर कंडेन्सरही अपुरा पडतो आणि हमिंग वाढतं. अशा वेळी फक्त फिल्टर कंडेन्सर बदलला तर हमिंग थोडं कमी होतं, माणूस समाधानी होतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर मात्र जळण्याच्या वाटेवर राहतो. व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्तीतली ही सर्वांत महागडी चूक.

तपासणी सोपी आहे. ईएल-८४ असेल आणि कॅथोडला रेझिस्टर असेल, तर ग्रिडवर शून्य व्होल्ट आणि कॅथोडवर साधारण ७ व्होल्ट अपेक्षित आहेत. ग्रिडवर अर्धा-एक व्होल्ट जरी धन दिसला तरी संशय घ्यावा. संच बंद करून कपलिंग कंडेन्सरचं एक टोक सोडवावं आणि पुन्हा मोजावं. धन व्होल्टेज गेलं तर दोषी तोच. ६३० व्होल्टचा नवा फिल्म कंडेन्सर काही रुपयांत मिळतो. बहुतेक जाणकार संच पहिल्यांदा पूर्ण व्होल्टेजवर नेण्याआधीच तो बदलून टाकतात.

तिसरा संशयित: खुद्द व्हॉल्व्ह

हमिंग ५० हर्ट्झचं असेल आणि कंडेन्सर चांगले असतील, तर व्हॉल्व्हकडे वळावं. हीटर आणि कॅथोड यांच्यामध्ये पातळ इन्सुलेशन असतं. ते खराब झालं की हीटरची एसी थेट आवाजात मिसळते. सर्वांत खात्रीची चाचणी म्हणजे तोच चांगला व्हॉल्व्ह दुसऱ्या संचातून आणून लावून पाहणं.

ट्रान्सफॉर्मरच्या संचात आणखी एक युक्ती आहे. संच बंद करून ईबीसी-८१ सॉकेटमधून काढावा आणि पुन्हा सुरू करावा. हमिंग थांबलं तर ते त्या व्हॉल्व्हमधून किंवा त्याच्या आधीच्या भागातून येत होतं. तसंच राहिलं तर आउटपुट व्हॉल्व्ह किंवा पुरवठा. एसी-डीसी संचात मात्र ही युक्ती चालत नाही. माळेतला एक दिवा काढला की सगळी माळ विझते, तसे तिथे सगळे हीटर विझतात.

या माळेचा क्रमही महत्त्वाचा आहे. पहिल्या ऑडिओ व्हॉल्व्हचा हीटर चेसिसच्या टोकाला ठेवलेला असतो, कारण तिथे एसी व्होल्टेज सर्वांत कमी असतं. पूर्वी कुणी दुरुस्तीत क्रम बदलला असेल, तर सगळे भाग चांगले असूनही हमिंग राहतं.

चौथा संशयित: तारा आणि अर्थिंग

बटणाबरोबर हमिंग कमी-जास्त होत असेल तर बटणाच्या मागे पाहावं. तिथून ऑडिओ व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे जाणारी तार जाळीदार शिल्डमध्ये असते. शिल्डचं टोक चेसिसपासून सुटलं असेल, बटणाची पत्र्याची बॉडी सैल झाली असेल किंवा व्हॉल्व्हवरची पत्र्याची टोपी हरवली असेल, तर ती तार अँटेनासारखी मेन्सची गुणगुण पकडते. लाकडी काडीने तारा हळूच हलवून पाहिल्या की हमिंग कुठे बदलतं ते कळतं. गंजलेल्या चेसिसवर स्क्रूने धरलेली जोडणी घासून पुन्हा आवळली, डागाचं टोक नव्याने सोल्डर केलं, तर अनेकदा तेवढ्यानेच काम होतं.

रेडिओ चांगला, घरची वीज 'घाण'?

इथे एमआयडीसीचा मुद्दा येतो. जुना रेडिओ बनला तेव्हा घरात बल्ब, पंखा आणि फार तर इस्त्री होती. आज एलईडी दिवे, मोबाइल चार्जर, टीव्ही, सोलर इन्व्हर्टर आहेत. औद्योगिक भागात मोटरींचा वेग बदलणारे ड्राइव्ह असतात. ही सगळी साधनं वीज वेगाने तोडून-जोडून वापरतात आणि त्यांचा गोंगाट मध्यम लहरींवर पसरू शकतो. आकाशवाणी पुणे ज्या ७९२ किलोहर्ट्झवर ऐकलं जात आलं आहे, तो याच पट्ट्यातला.

हा आवाज 'घूं'पेक्षा 'झर्रऽऽ' किंवा 'किर्रऽऽ' असा असतो. पण स्टेशनवर बसलेला तो आवाज अनेकदा हमिंगच वाटतो. तपासणी सोपी: सेलवर चालणारा छोटा ट्रान्झिस्टर त्याच जागी, त्याच स्टेशनवर लावावा. त्यातही तोच आवाज आला तर आजोबांचा रेडिओ निर्दोष आहे. मग घरातली साधनं एकेक करून बंद करत जावी, ट्रान्झिस्टर फिरवून पाहावा. तो ठरावीक दिशेला धरल्यावर आवाज पडत असेल, तर गोंगाट कुठल्या दिशेने येतोय तेही समजतं.

सुटे भाग कुठे मिळतात?

कंडेन्सर आणि रेझिस्टर पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतात. जुने व्हॉल्व्ह, डबे, बटणं यांच्यासाठी पुण्याचा जुना बाजार धुंडाळावा लागतो. वापरलेला व्हॉल्व्ह घेताना काचेच्या आतला चंदेरी थर पाहावा. तो पांढरा पडला असेल तर व्हॉल्व्हमध्ये हवा शिरली आहे, घेऊ नये.

हमिंग पूर्ण जातं का?

नाही, आणि जायलाही नको. नवा असतानाही व्हॉल्व्ह रेडिओ पूर्ण शांत नव्हता. कान स्पीकरला लावला की बारीक गुणगुण ऐकू यायची. चार-पाच फुटांवर बसून कार्यक्रम ऐकताना ती जाणवत नसेल, तर संच बरा झाला असं समजावं. त्या बारीक गुणगुणीमागे लागून जास्त मोठे कंडेन्सर कोंबणं म्हणजे रेक्टिफायरचं आयुष्य कमी करणं.

थोडक्यात लक्षात ठेवा

- बटण शून्यावर, १०० हर्ट्झ: फिल्टर कंडेन्सर.
- हमिंगबरोबर फाटका आवाज, व्हॉल्व्ह गरम: कपलिंग कंडेन्सर. संच लगेच बंद करा.
- बटण शून्यावर, ट्रान्सफॉर्मरच्या संचात ५० हर्ट्झ: ऑडिओ किंवा आउटपुट व्हॉल्व्हचं हीटर-कॅथोड इन्सुलेशन.
- बटणाबरोबर बदलणारं: शिल्डची तार, अर्थिंग, बटणाआधीचा व्हॉल्व्ह.
- फक्त स्टेशनवर येणारं: मेन्सचा छोटा कंडेन्सर किंवा बाहेरचा गोंगाट.
- बॅटरीच्या संचात येणारं: एलिमिनेटर.

एक शेवटचं काम बहुतेक जण विसरतात. कोणता भाग, कोणत्या तारखेला, किती मूल्याचा बदलला हे एका कागदावर लिहून पेटीच्या आतल्या बाजूला चिकटवावं. पुढच्या वेळी हा रेडिओ कुणी उघडेल, तेव्हा त्याला शोध पहिल्यापासून सुरू करावा लागणार नाही.